कानबाई म्हणून पाया पडलात ती माझी बहीण

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. १९९६ च्या श्रावणात, कानबाईच्या विसर्जनाच्या सोमवारी सकाळी, बमरोलीत आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. करणारे आपणच, खानदेशातून सुरतेला आलेले, गावची देवी इथेही डोक्यावर घेऊन मिरवणारे. त्यात मीही.

बहीण तेव्हा बारा वर्षांची. ती नजरेला नजर देत नाही, विचारलेलं तसंच परत म्हणते, अंगाला हात लावलेला तिला सोसत नाही. बाजारात जाताना आईचा हात धरायची नाही, पदर धरायची. 'ऑटिझम' हा शब्द पुढे एका डॉक्टरीणबाईंनी सांगितला. म्हणाल्या, हा काही ताप नाही उतरायला, तिची घडणच अशी आहे, तुम्ही तिच्याजोगं वागायला शिका. पण शब्द माहीत नव्हता म्हणून काही कळलं नाही, ही पळवाट मी कुणाला देणार नाही. मला कळत होतं.

आमच्या भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. त्या खडखडाटात ती भिंतीला पाठ लावून दिवसभर मजेत बसायची, कारण तो एका ठेक्यात चालतो. कुकरची शिट्टी अचानक झाली की मात्र कानांवर हात. नातेवाईक हसायचे. लूम चालतो आणि शिट्टी चालत नाही, नाटकी आहे पोरगी.

त्या सोमवारी ढोल अगदी तिच्या कानाशी वाजला. तिने कान दाबले, डोळे मिटले आणि पुढे-मागे झुलू लागली. कानबाईपुढे आपल्या बायकांच्या अंगात येतं, तेव्हा त्याही अशाच घुमतात. देवी आली असं वाटून काकू म्हणाली, "कानबाई ऊनी व माय." झालं. ढोल आणखी जोरात. तिच्या कपाळावर जो तो कुंकू चोळू लागला. एका शेजारणीने पाय धरून विचारलं, "माय, मना पोऱ्याले काम कधय लागी?"

"कधय लागी," बहीण म्हणाली. "कधय लागी, कधय लागी."

देवी बोलली म्हणून बायकांच्या डोळ्यांत पाणी. आणि मी, लूम कामगारांच्या हक्कांची पत्रकं लिहिणारा, तिला घरात न्यायचं सोडून लोकांना लाईनीत उभं करत होतो. आदल्या दिवसापर्यंत तिला येडी म्हणणारे तिच्या पायांवर डोकं ठेवत होते. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू? तिने स्वतःचं मनगट चावून रक्त काढलं, तेव्हा ढोल थांबला.

तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. आई बाजारात एकटी जाते.

पुढच्या श्रावणात काकू नारळ घेऊन आली, पोरीला देवीशेजारी बसवा म्हणाली. आईने नारळ ठेवून घेतला. काकू गेल्यावर मी आईला पत्रकाच्या भाषेत सुनावलं, अंधश्रद्धा, शोषण, सगळं. आई कानबाईच्या प्रसादाच्या रोटांसाठी गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माले माहीत शे भाऊ, देवी नव्हती. देवी म्हनीसन पाया तरी पडतस. पोर म्हनीसन कोन जोडे बसस?"

पोर म्हणून जवळ कोण बसतं? मी तरी कुठे बसत होतो?

संध्याकाळी आईने नारळ परत पाठवला. काकूने बोलणं टाकलं. आमच्या दारात कुणी पाया पडायला आलं नाही, आणि बसायलाही आलं नाही.

कानबाईचे रोट आपण भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाही, आणि तुम्ही भाऊबंदच, म्हणजे यंदा ते खायला तुम्ही आमच्याकडे आलं पाहिजे. ढोल गल्लीबाहेर ठेवा, कुंकू घरी ठेवा. भिंतीपाशी ती बसलेली असेल. हात लावू नका, काही विचारू नका. रोट घ्या, तिच्या शेजारी बसा, आणि लगेच उठू नका.