टेंपोचा दोर

माझा स्वभावच मुळी संशयी. दूधवाला माप ओततो तेव्हा मी वाकून बघते. त्यामुळे दरड कोसळलेल्या वाडीतली माणसं आश्रमशाळेत आणली आणि त्यांना धीर द्यायला घोडेगावहून मला पाठवलं, तेव्हा घरचे हसलेच. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं, घाई न करता ऐका. आणि कुणी जिवाचं बरंवाईट करेल अशी शंका आली तर सरळ विचारा. वहीत मी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

शंका दुसऱ्याच दिवशी आली. पन्नाशीचे एक बाबा होते, बायको दरडीखाली गेलेली. कसं वाटतंय म्हटलं की हसून "बरा हाय, ताई" म्हणायचे. मला ते हसणंच खटकायचं. त्या सकाळी मदतीच्या टेंपोची ताडपत्री सोडली, तर तिचा दोर त्यांनी गुपचूप पावसासाठी डोक्यावरून घेतलेल्या प्लास्टिकच्या खोळीखाली घातला आणि रानाकडे निघाले. मी मागे धावले, पण धुक्यात ते दिसेनासे झाले. दुपारी परतले, दोराशिवाय. मला हायसं वाटलं, पण संशय काही जाईना.

मग रोजचंच झालं. ते निघाले की मी झाडाआडून मागे, पण धुक्यात रोज चुकामूक. स्वयंपाकवालीला लक्ष ठेवायला सांगितलं, शेजाऱ्यांना खोदून विचारलं. फक्त त्यांना विचारलं नाही. विचारलं आणि नसलेला विचार त्यांच्या डोक्यात भरला तर? असं होत नाही, हेही शिकवलं होतं. पण जीभ रेटेना.

चौथ्या दिवशी ते वळून म्हणाले, या पुढं. कड्याच्या आडोशाला त्यांची म्हैस त्याच दोराने बांधलेली होती. शाळेत जनावरं चालत नाहीत, म्हणून लपवलेली. मी हसतच सुटले. बाबा, मी काय काय समजले होते!

ते हसले नाहीत. "पयल्या दिवशी तुमी समजला तेच व्हतं," ते म्हणाले. "दरडीतून वाचलेली ही रानात रेकली. आचळं ताणली व्हती, तीन दिस कुणी पिळली न्हाई. मग दोर हिलाच बांधला." म्हशीच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. "मागं लई फिरला, ताई. एकदा विचारायचं व्हतं."

मला लाज वाटली. मी विचारलं, "आता येतं का मनात?"

"येतं," ते म्हणाले आणि खाली बसले. मीही बसले.