चाकं बदलायला महाळुंग्यापर्यंत

आर्या आणि निशांत,

निगडीहून निघालो तेव्हा पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या कंपन्यांकडे निघून गेल्या होत्या आणि जनरल शिफ्टच्या मोटारसायकली अजून रस्त्यावर यायच्या होत्या. या दोन गर्द्यांच्या मधे रस्ता थोडा वेळ मोकळा असतो. आपल्या व्हॅनला तेवढा वेळ हवा होता, कारण तिला अगदी सावकाश न्यायची होती.

तुमच्या आजोबांना जाऊन वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून व्हॅन सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून ताडपत्रीखाली उभी होती. डिसेंबरमध्ये तुम्ही येणार आणि याच व्हॅनमधून फिरायला जाणार, हॉटेलात राहणार नाही, हा तुमचा निरोप बाबांनी मला कळवला, तेव्हा मी त्यांना एक अट घातली. चाकं आणि टायर भरवशाचे बसले तर व्हॅन राहील. नाही बसले तर ती भंगारात जाईल आणि आपण भाड्याची गाडी सांगू. भंगारात? असं बाबांनी फोनवर दोनदा विचारलं. व्हॅनमधल्या खाटा, छोटा ओटा, पाण्याची टाकी, पडद्यांच्या पट्ट्या, सगळं आजोबांनी रविवारी बसून हाताने केलेलं आहे. भंगार हा शब्द मलाही सहज उच्चारता आला नव्हता.

टायरांचं वय मी आधीच पाहून ठेवलं होतं. टायरच्या बाजूवर अक्षरांची एक ओळ असते. तिच्या शेवटच्या चार आकड्यांतले पहिले दोन तो कोणत्या आठवड्यात बनला ते सांगतात, पुढचे दोन कोणत्या वर्षी. आमचे टायर निशांतच्या जन्माच्याही आधीचे निघाले. नक्षी अजून खोल होती, पण बाजूच्या रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. टायर न झिजताही म्हातारा होतो.

गाडी चालवायला खालच्या मजल्यावरचे वाघमारे आले होते. ते मूळचे लातूरकडचे, एका कंपनीची बस चालवतात, आणि त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

“नको म्हणायली काकू,” ते म्हणाले. “वर्षभर झोपलेल्या माणसाला असं एकदम उठवलं तर तो पण नकोच म्हणतो.”

तिसऱ्यांदा ती सुरू झाली. आम्ही हमरस्ता टाळून तळवड्याच्या बाजूने निघालो. मी पुढे, त्यांच्या शेजारी बसले होते. ती जागा माझीच आहे, पण स्टिअरिंगकडे पाहायचं मी टाळत होते.

तळवड्याच्या पुढे एका टपरीवर वाघमाऱ्यांनी गाडी थांबवली. तिथे त्यांच्या गावाकडची एक बाई सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ, वर दाण्याचं कूट) करते. मी इथे एवढी वर्षं राहते आहे, पण सुशीला कधी खाल्ली नव्हती. शेजारी रात्रपाळी संपवून आलेले दोन कामगार होते, उभ्या उभ्या खाताना त्यांचे डोळे मिटत होते. त्यातल्या एकाने व्हॅनची खिडकी, पडदा आणि आतली खाट पाहिली आणि बाईला विचारलं, ही खोली भाड्याने देतात का. बाई म्हणाली, घरमालकीण इथेच उभी आहे, तूच विचार. मी नाही म्हटलं. तो हसला, पण त्याने विचारलं होतं अगदी मनापासून.

इंद्रायणीच्या पुलावर आम्ही अगदी हळू होतो. पाणी दिसत नव्हतं. जलपर्णीचा हिरवा गालिचा या काठापासून त्या काठापर्यंत पसरला होता आणि त्यावर दोन बगळे चालत होते. पूर्वी पुलावर आजोबा नेहमी म्हणायचे, बघ, बगळ्यांनासुद्धा आता पाय भिजवायची गरज उरली नाही. या वेळी ते कुणी म्हटलं नाही. वाघमाऱ्यांना मी ते सांगितलंही नाही.

नदी ओलांडली की महाळुंग्याची हद्द लागते. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड, कंटेनर उभे करायची मैदानं, आणि मधेच एखादं जुनं घर, त्याच्या दारात म्हैस. मी वाघमाऱ्यांना आधी वजनकाट्यावर घ्यायला सांगितलं. टायर निवडताना नुसता आकार जुळून चालत नाही. एकाच मापाचे दोन टायर वेगवेगळा भार पेलतात, आणि तो भार त्यांच्यावर एका आकड्याने लिहिलेला असतो. मोटारीचा टायर व्हॅनला बसेल, पण खाटा, पाणी, गॅस आणि माणसं घेऊन घाट चढणार नाही. म्हणून रिकाम्या व्हॅनचं वजन काट्यावर करायचं आणि मी घरी तोलून ठेवलेलं बाकीचं त्यात मिळवायचं, असा हिशेब होता. तुम्हा चौघांची वजनं बाबांकडून मागवली होती. आर्या, तू किती वाढलीस हे मला असं कळलं.

काट्यावरचा माणूस काचेतून डोकावून म्हणाला, आजी, गाडी रिकामीच आहे, माल कुठाय?

वाघमारे म्हणाले, “माल विमानानं यायलाय.”

टायरचं दुकान तिथून जवळच होतं. ते जयवंतकाकांनी सुचवलं होतं. जयवंतकाका तुम्हाला आठवत असतील. आजोबांबरोबर कंपनीच्या टूलरूममध्ये ते लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) होते, आजोबा तपासणीत. काकांनी केलेला सुटा भाग आजोबांच्या टेबलावर यायचा, आणि तिथे वर्षानुवर्षं दोघांची भांडणं व्हायची, आणि डबा मात्र ते एकत्र खायचे. निवृत्तीनंतर काकांनी महाळुंग्यातच एक लहान शेड घेतली. त्यात एक जुना लेथ आणि चार यंत्रं.

दुकान मंगल नावाची बाई चालवते. ती इथल्याच जुन्या घरातली. सासऱ्यांची जमीन कारखान्यात गेली, उरलेल्या तुकड्यावर नवऱ्याने दुकान टाकलं, आणि आता नवरा ट्रकवर असतो, दुकान ती पाहते. मी काढलेल्या वजनाच्या आकड्यांवरून तिने नजर फिरवली आणि मान डोलावली. आधी तिने मला रुंद, चकचकीत दिसणारे टायर दाखवले. मी नको म्हटलं. मग तिने आतून हलक्या मालगाड्यांना घालतात तसले, बाजू जाड असलेले टायर काढले. त्यांचा भाराचा आकडा माझ्या हिशेबाच्या वर होता आणि ते याच वर्षी बनलेले होते. तारखा मी पाचही टायरांवर वाचल्या, स्टेपनीसुद्धा धरून. मंगल म्हणाली, भाजी घेतल्यावानी टायर घेणारी बाई पहिल्यांदाच बघितली.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग तिच्या कामगाराने पुढचं चाक काढलं आणि मंगल खाली वाकून पाहत राहिली.

चाक आणि धुरा यांच्यामध्ये एक जाड, चकचकीत चकती बोल्टांवर बसवलेली होती. चारही चाकांना होती. व्हॅनची मूळची लोखंडी चाकं आजोबांना कधी आवडली नाहीत. त्यांनी दुसऱ्या एका गाडीची रुंद अलॉय (हलक्या मिश्रधातूची) चाकं आणली, आणि ती आतल्या बाजूला घासू लागली म्हणून ती बाहेर सरकवायला या चकत्या घातल्या. चकत्या बाजारातून आणायच्या नाहीत, हे इथल्या माणसांना सांगावं लागत नाही. ज्याला लेथ चालवता येतो तो विकत कशाला घेईल. एका रविवारी काकांनी त्या कातल्या आणि आजोबांनी तपासल्या. मी त्या दिवशी दोघांना डबा नेऊन दिला होता.

“ह्ये काकाचं काम हाय व्हय,” मंगल म्हणाली. मी हो म्हटलं. तिने हात पुसले. काकांनीच गिऱ्हाईक पाठवलेलं, त्यामुळे तिची अडचण मला दिसत होती. तरी ती म्हणाली, “टायर मी देते आजी. पर ह्या चाकांवर बसवून देणार न्हाई. बोल्टावर सगळा ताण येतोय, आन् चाक मधल्या भोकाला धरून बसलेलंच न्हाई. काकाला काय सांगायचं ते तुमी सांगा.”

मी फोन केला. गल्लीच्या टोकाला त्यांची शेड, काका चालतच आले. खूप वाळले आहेत. जय भीम वहिनी, म्हणाले आणि माझ्या तब्येतीची चौकशी संपण्याआधीच त्यांची नजर जमिनीवर ठेवलेल्या चकत्यांवर गेली. त्यांनी एक उचलली, खिशातून व्हर्नियर (माप घ्यायची पट्टी) काढली आणि तिथेच माप घेतलं. इतक्या वर्षांनीही चकतीचं माप केसाइतकंसुद्धा बदललेलं नव्हतं.

“बघा,” ते मला म्हणाले, मंगलकडे न पाहता. “आणि ही दिनकरने स्वतः पास केलीय. कुणाचा काहीही माल पास करणारा होता का तो?”

मी म्हटलं, नव्हता. आजोबांना नावाने हाक मारणारे आता काकाच उरलेत. काका म्हणाले, हवं तर याहून जाड, नव्या करून देतो, दोन दिवसांत, पण त्याने हौसेने आणलेली चाकं काढू नका. त्याची गाडी त्याच्या चाकांवर राहू द्या. आणि मुलांनो, मलाही तेच हवं होतं. चाकं बदलली की गाडी कुणाचीही झाली असती. पण अट मीच घातली होती, आणि ती तुमच्यासाठी होती.

मी त्यांना म्हटलं, चकत्यांचं राहू द्या, चाकं तपासा. तुम्हीच तपासा, दुसऱ्या कुणाला मी सांगणार नाही.

काकांनी व्हर्नियर खिशात घातली. मग वाघमाऱ्यांनी आणि कामगाराने पुढची दोन चाकं गल्लीतून लोटत त्यांच्या शेडमध्ये नेली.

टूलरूममध्ये तडा शोधायची एक रीत आहे. तडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून भाग स्वच्छ करून त्यावर लाल रंग फवारतात. रंग भेगेत शिरतो. थोडा वेळ थांबून वरचा रंग अगदी कोरडा पुसून घेतात आणि त्यावर पांढरी भुकटी फवारतात. तडा नसेल तर सगळं पांढरं राहतं. काकांनी चाकाचा बोल्टांजवळचा भाग घासला, रंग मारला आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत ते आजोबांच्याच गोष्टी सांगत होते, एकदा त्यांनी काकांचा अख्खा दिवसाचा माल परत पाठवला होता आणि काकांनी आठवडाभर अबोला धरला होता, वगैरे. मी हसले. मग त्यांनी रंग पुसला, भुकटी फवारली आणि आम्ही दोघं वाकून पाहू लागलो.

पांढऱ्यावर लाल रेघ आधी पुसट उमटली, मग ठळक झाली. एका बोल्टाच्या भोकापासून निघून ती जवळजवळ दुसऱ्या भोकाला पोहोचली होती. दुसऱ्या चाकावर दोन रेघा होत्या.

काकांनी रेघेवरून बोट फिरवलं, बोट लाल झालं.

“शेवटच्या वेळी मुलं होती ना गाडीत?” त्यांनी विचारलं.

“होती.”

“कुठे गेला होतात?”

“माळशेजला.”

ते स्टुलावर बसले. घाटात पावसाने रस्ता ओला होता आणि तुम्ही दोघं मागच्या खाटेवर गाणी म्हणत होतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना न सांगताही दिसत असावं. मग ते एवढंच म्हणाले, “माप बरोबर होतं वहिनी. चकत्या घालायलाच नको होत्या.”

मूळच्या मापाच्या नव्या लोखंडी डिस्क (टायर ज्यावर चढतो ते चाक) मंगलने चाकणहून मागवल्या. त्या यायला दुपार झाली. तेवढ्यात काकांनी चारही चकत्या शेडमध्ये नेल्या आणि लाल रंगाचा डबा उघडला. इथल्या कारखान्यांत बाद झालेला भाग तसाच ठेवत नाहीत. चुकून कुणी पुन्हा वापरू नये म्हणून त्याला लाल रंग देतात आणि कापून टाकतात. मी त्यांना विचारलं, एक मला देता का, घरी ठेवीन, गाडीला लावायची नाही. आजोबांनी आणि काकांनी मिळून केलेली ती शेवटची वस्तू होती.

काकांनी ती हातात धरली. मला वाटलं, देतील.

“बाद माल गेटबाहेर जात नाही, वहिनी,” ते म्हणाले. “हे दिनकरनेच आम्हाला शिकवलं.”

मी मग हट्ट धरला नाही. करवत चालू झाली तेव्हा मी तिथेच उभी राहिले. चार चकत्यांचे आठ तुकडे झाले. तडा गेलेली चाकंही त्यांनी आरपार कापली. शेवटचा तुकडा पडल्यावर त्यांनी यंत्र बंद केलं आणि माझ्याकडे पाठ करून कितीतरी वेळ हात धूत राहिले.

नव्या चाकांवर व्हॅन थोडी बुटकी आणि अंग चोरून उभी असल्यासारखी दिसते. तुम्हाला ती ओळखू येईल, पण पहिल्यांदा पाहाल तेव्हा काहीतरी कमी वाटेल. मंगलने नट एका ठरावीक जोराने आवळले आणि थोडं अंतर गेल्यावर पुन्हा आवळून घ्यायला बजावलं. तळवड्याला आम्ही ते करून घेतलं.

परतीच्या वाटेवर जनरल शिफ्ट सुटली होती आणि रस्ता मोटारसायकलींनी भरून वाहत होता. या वेळी मी स्टिअरिंगकडे पाहिलं. वाघमारे ते एका हाताने धरून चालवत होते, दुसरा हात खिडकीवर. आजोबा नेहमी दोन्ही हातांनी घट्ट धरायचे, इतके घट्ट की घरी आल्यावर बोटं चोळत बसायचे. मला वाटायचं, किती जपून चालवतात. जपून चालवायचेच ते. पण आता उलगडलं, स्टिअरिंग तेव्हा सतत थरथरत असायचं आणि आपल्याला ते जाणवू नये म्हणून ते सगळा थरकाप स्वतःच्या हातात धरून ठेवायचे. आज ते स्थिर होतं, कुणी धरून ठेवायची गरज नव्हती. मी वाघमाऱ्यांना दोन्ही हातांनी धरा असं सांगणार होते, पण मग मीही माझा हात खिडकीवर टेकवला.

व्हॅन भंगारात गेली नाही. डिसेंबरमध्ये तुम्हाला तिच्यात बसवायला मला भीती वाटणार नाही. फक्त घाटात मी मागे तुमच्याजवळ खाटेवर बसेन, पुढे नाही.

तुमची,
आजी