दिनूकाकांची सात गाणी

दिनूकाका आज सकाळी गेले, आणि त्यांची गाणी बहुतेक मी घालवली.

मी त्यांना कधी भेटलेसुद्धा नव्हते.

बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी गाणी निवडायचं काम माझ्याकडे आहे. पंधरा दिवसांपूर्वी अनोळखी नंबरवरून सात ऑडिओ फाइल्स आल्या. खाली मेसेज.

"ताई, मी गोत्रीचा दिनूकाका. कोयलीला रिफायनरीत होतो, आता रिटायर. चाळीस वर्षं स्वतःची गाणी रचून एकटाच गातोय. हा पहिला अल्बम. शांतीने ऐका आणि खरं सांगा."

मला वाटलं, झालं, आणखी एक हौशी!

रविवारी मेथी निवडताना लावलं.

फक्त गिटार आणि त्यांचा आवाज. तबला नाही, कीबोर्ड नाही. प्रत्येक गाण्याआधी बारीकसा खोकला. आवाज थकलेला, पण सुराला पक्का.

चौथं गाणं फर्स्ट शिफ्ट संपवून स्कूटरवर घरी येणाऱ्या माणसाचं होतं. बायको ताट झाकून बसलीय आणि हा गेटपाशीच दोन मिनिटं उभा. घरात कुणीतरी आपली वाट बघतंय, हे त्याला जरा बाहेरून बघायचं होतं.

माझी मेथी तशीच राहिली.

पण त्यात दुपारला 'बपोर' होतं. खरोखरला 'खरेखर' होतं. मराठी गाण्यात!

आम्हा बडोदेकरांना ही धास्ती कायमची. घरी सगळे असंच बोलतो, पण पुण्याचे पाहुणे येणार म्हटलं की आपलं मराठी आपल्यालाच टोचायला लागतं.

मी लिहिलं, "काका, चाली छान. पण गुजराती शब्द काढून पुन्हा रेकॉर्ड करा. पुण्याहून पाहुणे आहेत."

त्या गेटबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

उत्तर लगेच आलं. "चालेल ताई. तुमचं बरोबर."

मघाशी त्यांच्या मुलीचा, मेधाचा फोन आला. बाबा गेल्याचं तिनेच सांगितलं. मग म्हणाली,

"ताई, जुनी रेकॉर्डिंग्ज बाबांनी डिलीट केली. म्हणाले, ताईंनी चुका दाखवल्यात, आता नीट करतो. नवीन पहिली दोनच झाली, आणि वहीत काही लिहिलेलं नाही. आम्हाला अजून काही ऐकवलं नव्हतं, आधी तुमचा ओके पाहिजे होता त्यांना. तुमच्याकडे असतील ना?"

माझ्या फोनची मेमरी सारखी फुल होते. ऐकून झालं की मी फाइल्स उडवते.

तासभर शोधतेय. गॅलरी, बॅकअप, जुना फोन, सगळं झालं. कुठेच नाही.

तिला काय सांगू?

चौथ्या गाण्याची चाल आठवतेय. शब्दही बरेचसे. दुसऱ्या कडव्यातली एक ओळ मात्र सारखी निसटतेय.

मेधाकडे जाताना हे रिक्षातून लिहितेय. मधे मधे पुटपुटतेय, रिक्षावाला आरशातून बघतोय. बघू दे. मी विसरले तर ते गाणं कुठेच उरणार नाही.

मेधाला गाऊन दाखवायचंय. जसंच्या तसं, एकही शब्द न सुधारता.

काका, मला गाणं फार आवडलं होतं हो. तेवढंच लिहायचं राहिलं.

माफ करा. शेवटचा नमस्कार.