पाय टेकला की पोहे

सायकल पंक्चर झाली की रस्त्याच्या कडेला बसून किस्से निघतात. आमच्या प्रताप नगरच्या सायकल क्लबात पंक्चर दर रविवारी, त्यामुळे किस्सेही भरपूर!

क्लबाचा नियम एकच. रामटेकच्या गडाचा चढ चढताना ज्याचा पाय जमिनीला टेकला, त्याने सगळ्यांना झणझणीत रस्सा ओतलेले तर्री-पोहे खाऊ घालायचे.

नियम काढला भोयर सरांनी, म्हणजे आमच्या कॅप्टननी. पुढच्याच रविवारी ते पेडलला अडकणारे महागडे बूट घालून आले. चढावर बकरी आडवी आली, बूट काही सुटेना, सर सायकलसकट आडवे! पडल्या पडल्याच म्हणतात, "पाय कुठं टेकला? खांदा टेकला!" शेवटी पोह्यांचे पैसे सरांनीच भरले.

मग आमची केतकी. मिहानच्या आयटी कंपनीत सॉफ्टवेअरवाली, सायकलीला बावीस गिअर. चढावर धापा टाकत होती, तेवढ्यात जुन्या सायकलीवर चाऱ्याचं ओझं लादून एक आजोबा शेजारी आले.

"काहून वं पोरी, चेन पडली का?"

"नाही आजोबा, गिअर बदलतेय."

"किती हायेत?"

"बावीस."

"अन् एकही लागून नाही राहिला?" म्हणत आजोबा पुढे निघूनही गेले.

सगळ्यात जास्त पोहे खाऊ घातले ते निमजेकाकांनी. काका रिटायर्ड क्लार्क, पण लहानपण उमरेडला हातमागावर गेलेलं. "मागावर पाय थांबला का कापड थांबे," असं ऐटीत सांगून निघायचे, आणि शेवटच्या वळणावर हमखास पाय टेकायचा. अखेर काकू वैतागल्या. "यावेळी पाय टेकला, तं सायकल भाच्याले देऊन टाकीन!"

त्या रविवारी निघताना काकांनी सायकल दोनदा पुसली. आम्हालाही वाईट वाटत होतं. सायकलीवर त्यांचा फार जीव.

आम्ही वर पोचून वाट बघत उभे राहिलो. बऱ्याच वेळाने वळणावर काका दिसले. तोंड लालबुंद, सायकल वेडीवाकडी, पण पेडल चालू! वर आले तसं आम्ही टाळ्या पिटल्या. काका मात्र थांबेनात. आमच्याभोवती गोल गोल फिरत राहिले.

"काका, झालं! उतरा आता!"

"उतरू कसा गा? पाय टेकन ना! आधी तिले व्हिडिओ लाव!"

मी काकूंना व्हिडिओ कॉल लावून फोन काकांकडे धरला. काकूंनी चष्मा चढवला. काका फिरतच होते.

"उतरा ना जी आता," काकू म्हणाल्या. "पोहे माह्याकडून!"