शस्त्राचा वापर : नाही

पदवीच्या शेवटच्या वर्षाला गट-प्रकल्प होता. सरांनी डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि आमच्या वाट्याला ‘बंदूक आणि कौटुंबिक हिंसाचार’ हा विषय आला. वर्ग हसला. शेजारच्या बाकावरच्या गटाला व्यसनमुक्ती मिळाली होती. त्या विषयाचे जुने प्रकल्प तयारच असतात, नुसती नावं बदलायची. आमच्या गटातला एक जण म्हणाला, हा अमेरिकेचा विषय आहे, आपल्या अमरावतीत नवरे पट्ट्यानं मारतात, बंदुकीनं नाही. त्यावरही सगळे हसले. मीही हसले, आणि आमच्या घरी बंदूक आहे हे सांगायचं राहून गेलं. पहिल्या दिवशी राहिलं ते राहिलंच.

आमचं घर शेंदूरजनाघाटच्या बाजूला, संत्र्याच्या बागेत. तिकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची बंदूक असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. रानडुकरं येतात, झाडांच्या बुडाशी उकरतात, ठिबकच्या नळ्या फाडून ठेवतात. बाबांची एकनळी बंदूक समोरच्या खोलीत कॅलेंडरशेजारी दोन खुंट्यांवर आडवी असायची. नव्या पाहुण्याचं लक्ष आधी तिकडे जायचं. आम्हाला ती दिसणं बंद झालं होतं.

गटात आम्ही चौघं. दोन मुलगे मुखपृष्ठ आणि बाइंडिंग बघणार होते, म्हणजे काहीच करणार नव्हते. अकोल्याची एक मुलगी होती, बोलायला पुढे आणि कामाचीही. प्रश्नावली माझ्या गळ्यात पडली. हॉस्टेलच्या मेसमध्ये सगळ्या उठून गेल्यावर मी एकटी बसून प्रश्न काढायचे. त्यातला एक मी फार विचार करून लिहिला : ‘घरातील शस्त्राचा आपल्याविरुद्ध वापर झाला आहे का? हो / नाही.’ इतका नेमका प्रश्न जमल्याबद्दल मी स्वतःवरच खूश होते.

मग फिरलो. अंजनगाव सुर्जीकडच्या बचत गटांत गेलो, अमरावतीच्या वस्त्यांत गेलो. बायका पट्ट्याबद्दल बोलल्या, लाटण्याबद्दल, गरम सांडशीबद्दल बोलल्या. बंदुकीच्या प्रश्नावर मात्र पदर तोंडाला लावून हसायच्या आणि ‘नाही’वर खूण करायच्या.

शेवटी अकोल्याच्या मुलीच्या ओळखीनं तिथल्या एका समुपदेशन केंद्रात गेलो. तिथल्या मॅडम साठीच्या पुढच्या असतील. त्यांनी प्रश्नावली चष्मा कपाळावर सारून वाचली आणि माझ्या लाडक्या प्रश्नावर बोट ठेवलं.

“वापर म्हणजे काय म्हणाचं हाय तुले? गोळीच सुटली पाहिजे काय?”

मी माझाच प्रश्न पुन्हा वाचला.

“ते घरात कुठं ठेवलं हाय ते विचार,” त्या म्हणाल्या. “अन् भांडण झालं की ते जागेवरून हलते काय, ते विचार.”

अकोल्याची मुलगी भराभर लिहून घेत होती. माझा पेन हातातच राहिला, कारण उत्तर मला ठाऊक होतं. हलते. आमच्याकडे दर वेळी हलायची.

बाबांनी आईवर कधी हात उचलला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. गावात त्यांना सभ्य माणूस म्हणतात आणि ते खोटं नाही. फक्त आईनं एखादी गोष्ट लावून धरली की ते उठायचे, बंदूक काढायचे, ओसरीवर जुनी चादर अंथरायचे आणि ती पुसत बसायचे. शांतपणे, तासभर. परतीच्या वाटेवर बस मूर्तिजापूरला थांबली. बाकीचे चहाला उतरले. मी खिडकीशी बसून राहिले, आणि चार महिने ज्यांच्यासोबत फिरले त्यांच्यातल्या एकालाही हे सांगता येणार नाही हे कळून मला फार एकटं वाटलं.

त्याच आठवड्यात घरी गेले. विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस होते. आमच्याकडे निवडणूक लागली की ठाण्यातून निरोप येतो, आणि परवानेवाले आपापली बंदूक जमा करून पावती घेतात. निकाल लागल्यावर परत मिळते. खुंट्या रिकाम्या होत्या. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि चक्क गुणगुणत होती. मी शेजारी बसले आणि प्रश्नावली मांडीवर घेतली.

“मारलं नाही त्यायनं कधी,” ती लगेच म्हणाली. “तसंच लिही.”

मी मॅडमचा प्रश्न विचारला. तिचे हात थांबले. शेंगांकडे बघत बोलली.

“नळीचं तोंड कोणीकडं हाय ते मी पहिले पाहत होती, मंग उठत होती. बोलणं तिथंच राहे. तू तर तेलाची शिशी आणून देत होती त्यायले.”

देत होते. सात-आठ वर्षांची असेन. बाबांनी नुसतं बघितलं की मी फळीवरची शिशी घेऊन पळत यायचे, कापडाची घडी करून द्यायचे, आणि आपण मोठं काम केलं असं मला वाटायचं. आई मला बोल लावत नव्हती. आठवलं म्हणून बोलली, एवढंच. पण मला तिच्याकडे बघवेना.

तिनंच विषय बदलला. म्हणाली, “सध्या बरं हाय, ठाण्यात हाय ना ते. यंदा कौंडण्यपूरच्या यात्रेले जातो म्हणलं त्यायले. जा म्हणले.” मग माझ्या लक्षात आलं की हॉस्टेलवर येणारे तिचे लांबलचक फोन, बहिणींच्या नकला, शेजारणीच्या चहाड्या, हे सगळं आधी लोकसभेच्या वेळी आलं होतं आणि आता या वेळी. मधल्या महिन्यांत नुसतं ‘जेवली काय’.

घरातलं माणूस जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करू शकतं, ही बंदूक परत देऊ नका म्हणून, हे मॅडमनी सांगितलं होतं. बाबा बागेत गेलेले बघून मी अर्ज लिहिला आणि खाली सहीची जागा सोडली. आईनं तो दोनदा वाचला. घडी घालून माझ्या हातात दिला.

“त्यायले समजल्याबिगर राहीन काय? तुले अमरावतीत राहाचं हाय. मले इथंच राहा लागते.”

मला राग आला. माझा राग वाईटच, बाबांसारखा आतल्या आत जिरत नाही. “मग बस आयुष्यभर गप्प,” मी म्हणाले. ज्या बाईनं आयुष्यभर तेच केलं होतं, तिला म्हणाले. ती उठली. शेंगांचं टोपलं उचलून आत गेली. मी सकाळच्या पहिल्या बसनं निघून आले, अर्ज पर्समध्ये तसाच.

सादरीकरणाच्या दिवशी पडद्यावर माझ्या प्रश्नाचा तक्ता लागला. सगळ्या खुणा ‘नाही’खाली. आईचा कागद मी त्यात घातला होता, नाव-गाव न लिहिता, तिनं सांगितलं तसा. अकोल्याची मुलगी मॅडमचं म्हणणं मांडायला लागली. सर म्हणाले, हा अंदाज झाला, माहिती नाही झाली. मग त्यांनी आम्हा चौघांना विचारलं, जिच्या घरात बंदूक आहे अशी एक तरी बाई तुम्हाला भेटली का? तिघं एकमेकांकडे बघायला लागले.

“नाही, सर,” मी म्हणाले.

आम्हाला चांगले गुण मिळाले. प्रश्न नेमके काढले म्हणून सरांनी माझं वेगळं कौतुक केलं. टाळ्या वाजल्या आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आई यात्रेला जाऊन आली. निकाल लागला आणि बंदूक खुंट्यांवर परत आली.

आता मी अकोल्यात नोकरी करते, खोली घेऊन एकटी राहते. संध्याकाळी आईला फोन लावते. जेवली काय. जेवले. तब्येत? बरी हाय. ठेवू? कधीकधी अख्खं बोलणं एवढंच होतं, आणि नंतर खोलीत करायला काही नसतं. त्या दिवशी जे बोलले त्याबद्दल माफी मागायची असते, पण मागे बाबांचं खोकणं ऐकू येतं आणि मी थांबते.

परवा मात्र मी ‘ठेवू’ म्हटल्यावर तिनं फोन ठेवला नाही. आवाज एकदम खाली आला.

“झेडपीचं इलेक्शन कधी हाय?”

मी म्हटलं, लवकरच लागेल असं म्हणतात.

“त्यालेबी जमा करा लागते ना?”

मला माहीत नव्हतं.

“लागते,” मी म्हणाले.

“बरं झालं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.