कावळ्यासमोर कबूल केलेला चाबूक

या, असे जवळ बसा. माझा वसंता जाऊन दीड महिना होत आला, आणि तुम्ही फोनवर नुसतं 'येतो, येतो' करता! असं करतात का? बरं, ऐका आता.

वसंता माझा धाकटा भाऊ. त्या सकाळी मी बदलापुरात मेथी निवडत होते, तर भावजयीचा, सुनंदाचा फोन. "वन्सं, हे उठतच नाहीयेत..." एवढंच. मी तशीच रिक्षात बसले. मांजर्लीला तिच्या दारात उतरले तेव्हा कळलं, जुडी हातातच आहे.

जन्मभर तो उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, एका सिंधी शेटच्या कारखान्यात चामड्याचे पट्टे शिवायचा. शिक्षण सातवी. रद्दीतल्या कुठल्याशा पुस्तकात त्यानं हजारो वर्षांपूर्वीच्या घोडेस्वारांची चित्रं पाहिली आणि वेडच लागलं. कुठले लोक, तर हिमालयाच्याही पार पलीकडे, नुसत्या गवताच्या मैदानांत घोडे घेऊन फिरणारे. "ताई, त्यांच्याकडे टाचेला लावायची टोचणी नव्हती. सगळा घोडा चाबकावर! आखूड दांडा, एखाद्या सरदाराच्या दांड्याला सोन्याची पट्टी गुंडाळलेली. माणूस मेला की चाबूक त्याच्याबरोबर थडग्यात." मी म्हटलं, "तू बसलायस का कधी घोड्यावर?" तर म्हणे, "बसलोय की, माथेरानला!" बसला होता खरा. घोडा जागचा हलेना आणि हा मारीना. मागून सुनंदा ओरडत होती, "अहो, निदान विनंती तरी करा त्याला!"

मग उरलेल्या कातड्याचा त्यानं तसलाच एक चाबूक केला. सोन्याच्या जागी पितळेची तार. टीव्ही बघतानाही हातात.

तो चितेवर ठेवू म्हटलं, तर जाणती माणसं म्हणाली, कातडं नको. राहिला. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, आईला मी सांभाळीन." नाही. जावई म्हणाला, "घराचं राहिलेलं प्लॅस्टर करून घेतो." नाही. ऊन डोक्यावर आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वसंता, तुझा चाबूक तुझ्यामागं पाठवते!" ...कावळा लगेच शिवला.

आता पाठवायचा कसा? नदीत सोडायचा, की पुरायचा? मागायला गेले, तर सुनंदानं तो उशाखाली घातलेला. "कावळ्याला बोललात वन्सं, मला विचारलंत का? मूठ बघा, त्यांच्या घामानं काळी झालीय. ती नदीला देऊ?" मग हसली. "आणि पाठवायचाच तर घोडाही पाठवा. त्या लोकांत घोडेही पुरायचे, हेच सांगायचे ना..." आणि हसता हसता रडायला लागली.

कावळा नुसता भुकेनं आला असेल का? का वसंता खरंच कुठंतरी ताटकळलाय? कधी वाटतं, शब्द तो शब्द. कधी वाटतं, त्या थडग्यांत चाबूक ठेवताना त्यांच्या बायकांना कुणी विचारलं असेल का? माझं डोकंच चालत नाही.

गेल्या रविवारी मनाचा हिय्या करून गेले, आज घेऊनच यायचा. तर ती वसंतासारखीच चाबकाला तेल लावत बसलेली. पण खोबरेल! कातड्याला एरंडेलच लावायचं, हा त्याचा नियम. तो ओरडलाच असता. मी तिच्या हातातून चाबूक घेतला, उठले... आणि एरंडेलाची बाटली शोधायला आत गेले.

मोडला रे शब्द, वसंता.

आम्ही दोघी त्या चाबकाकडं बघत बसतो. करायचं काय ते आम्हाला सुचत नाही, मधे तिसरं कुणी हवं. तेव्हा फोन पुरे झाले, या आठवड्यातच सुनंदाकडं या.