सावलीतला उतार

फोटोकाकांना कुठलाही फोटो दाखवा, माणसांआधी ते ऊन कुठून येतंय ते बघत. माझ्या लग्नाचा अल्बम बघून म्हणाले, "सूनबाईच्या तोंडावर ऊन हाय. तू सावलीत. तुझ्याबद्दल काय बी सांगता येत न्हाई." बायको हे वाक्य अजून वापरते.

काका आमच्या बोरीचे. वडिलांचे धाकटे भाऊ. नोकरी मात्र उत्तरेत, नकाशांच्या कचेरीत. हिमालयात भूकंप झाला की उपग्रहाने काढलेला जुना फोटो आणि नवा फोटो ते शेजारी ठेवत. जुन्यात जंगलाने काळा असलेला उतार नव्यात पांढरा दिसला, की तिथे दरड कोसळली. त्याभोवती लाल रेघ. आजी करवादायची, "घरची भिंत पडायलीय, अन् हा परमुलखातले डोंगर बघायलाय!" काका म्हणत, "भिंतीचा आधीचा फोटू आन, मंग बघू."

जुनी दरड नव्या भूकंपाच्या नावावर खपवलेली त्यांना चालत नसे. खुरपणी चुकवायला मी एकदा गुडघ्यावरची खोक दाखवत लंगडलो. सुट्टीवर आलेले काका वाकून म्हणाले, "जुनी हाय ही. ऊठ."

पेपर विद्यापीठाच्या नामांतराच्या बातम्यांनी भरलेला असायचा, त्या काळात एकदा वर पहाडात मोठा भूकंप झाल्याचं कोपऱ्यात छापून आलं. काकांनी तिथले उतार तपासले. एक उतार दोन्ही फोटोंत काळा होता. 'शाबूत', त्यांनी लिहिलं. त्या भरवशावर त्याच्या पायथ्याशी बेघरांचे तंबू लागले. पण जुना फोटो उन्हाळ्यातला होता, त्यातला काळा रंग जंगलाचा. नवा थंडीतला, त्यातला काळा रंग नुसत्या सावलीचा. त्या सावलीत अर्धा डोंगर सुटून लटकत होता. पहिल्या मोठ्या पावसात तो तंबूंवर आला.

कचेरीत कुणी दोष दिला नाही. काकाच नोकरी सोडून बोरीला आले आणि अंगणात बाज टाकून बसू लागले. मी शहाणपणा केला, "काका, दिसलंच नाही, तर तुम्ही तरी काय करणार?"

"दिसत न्हाई, असं लिव्हायचं, बाबू. मी शाबूत लिव्हलं."

ते गेले, तेव्हा भिंतीवर लावायला एकच फोटो सापडला. मीच काढलेला, अर्थातच ऊन न बघता. कडुलिंबाची सावली नेमकी तोंडावर. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "हसायलेत बघा." मग माझ्याकडे वळून विचारते, "हसायलेत ना रे?"

घरात असा एक विषय नाही ज्यावर मी मत देत नाही. इथे मात्र म्हणतो, "दिसत नाही, आई."